केबल काढून १४ महिने झाले, पैसे वाचायला लागले ते दहाव्या महिन्यात

हा अनुभव मी मुद्दामच उशिरा लिहितेय. पहिल्याच महिन्यात लिहिला असता तर ‘सगळ्यांनी आजच केबल काढा’ असं लिहिलं असतं, आणि चौथ्या महिन्यात लिहिला असता तर ‘या भानगडीत पडू नका’ असं. दोन्ही चुकलं असतं.

घरात आम्ही पाच जण: आम्ही दोघं, दोन मुली आणि सासूबाई. मुली टीव्हीसमोर बसतात त्या ठरावीक मालिकेसाठी, आमचे हे सामन्यांसाठी, मी रात्री एखादा चित्रपट बघते आणि आईंचा टीव्ही मात्र दिवसभर चालू. केबलच्या पॅकमध्ये शेकडो चॅनेल होते. एक आठवडा मी वहीत लिहून काढलं, तेव्हा आमच्याकडे अकराच चॅनेल लागतात असं दिसलं. बाकीच्यांचे पैसे आम्ही वर्षानुवर्षं भरत होतो. तिथून केबल काढून इंटरनेटवरून टीव्ही बघायचं हे सुरू झालं.

आधी हिशेब सांगते. बिल प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून आमचं केबलचं महिन्याचं बिल १०० धरा. टीव्हीला लावायची स्टिक, तिचा अ‍ॅडॅप्टर आणि एक लांब वायर यांवर एकदाच १६० गेले. इंटरनेट घरात आधीपासूनच होतं, पण प्लॅन वरचा घ्यावा लागला, त्याचे दर महिन्याला १५ वाढले. पहिले तीन महिने उत्साहात पाच स्ट्रीमिंग सेवा (नेटफ्लिक्ससारख्या, इंटरनेटवरून मालिका-चित्रपट दाखवणाऱ्या) घेतल्या, त्यांचे महिन्याला १२०. म्हणजे केबल होती तेव्हा १०० जात होते आणि ‘बचत’ सुरू झाल्यावर १३५ जायला लागले. चौथ्या महिन्यात दोन सेवा बंद केल्या आणि आकडा ९५ वर आला. त्यानंतरचे दहा महिने सरासरी ५५.

बेरीज केली तर १४ महिन्यांत १,२१० गेले. केबल ठेवली असती तर १,४०० गेले असते. वाचले १९०, म्हणजे केबलची दोन बिलंसुद्धा पूर्ण नाहीत. चौथ्या महिन्याच्या शेवटी आम्ही २६० ने मागे होतो आणि ते भरून निघायला दहावा महिना उजाडला. आता मात्र वर्षाचा खर्च १,२०० ऐवजी ६६० च्या आसपास राहील, आणि ही बचत खरी आहे.

बचत झाली ती केबल काढल्यामुळे नाही. एका वेळी एक, फार तर दोनच सेवा चालू ठेवायला आम्ही शिकलो, त्यामुळे झाली. केबल आणि स्ट्रीमिंगमधला खरा फरक हाच की स्ट्रीमिंग एका महिन्यापुरतं घेता येतं आणि एका महिन्यात बंदही करता येतं. ती सोय न वापरता पाचही सेवा बारा महिने चालू ठेवल्या तर केबलपेक्षा जास्त पैसे जातात, हे मी तीन महिने स्वतः भरून पाहिलंय.

आमची पद्धत आता अशी आहे. जे बघायचं ते फ्रिजवरच्या कागदावर लिहायचं, कोणत्या सेवेवर आहे तेही शेजारी लिहायचं. एका सेवेचं पुरेसं साठलं की महिनाभरासाठी ती घ्यायची, आणि पैसे भरल्या भरल्या त्याच दिवशी ऑटो-रिन्यू, म्हणजे पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप कापले जाणं, बंद करून टाकायचं. आम्ही घेतलेल्या सगळ्या सेवा तसं केल्यावरही भरलेल्या मुदतीपर्यंत व्यवस्थित चालल्या. हा नियम एका चुकीतून आला. मोफत महिना म्हणून घेतलेली एक सेवा कुणीच उघडत नव्हतं, मी टीव्हीवरून तिचं अ‍ॅप काढून टाकलं आणि विषय संपला असं समजले. तीन महिने पैसे कापले जात होते. अ‍ॅप काढलं म्हणजे सबस्क्रिप्शन थांबत नाही. शिवाय ते अ‍ॅप स्टोअरमधून घेतलं असेल तर बहुतेक वेळा तिथूनच बंद करावं लागतं, सेवेच्या वेबसाइटवर तो पर्याय सापडतच नाही. कुठून घेतलंय ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

वर्षाच्या प्लॅनचा मोहही सांभाळा. महिन्यामागे स्वस्त दिसतो, पण ज्या सेवेला वर्षातून तीनच महिने हात लागणार, तिथे तीन वेळा महिन्याचे पैसे भरणंच परवडतं. आम्ही एकही वार्षिक प्लॅन घेतलेला नाही.

आता इंटरनेटबद्दल, कारण चौकशी याचीच जास्त होते. खूप मोठा स्पीड लागतो ही समजूत चुकीची आहे. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या शिफारशीनुसार १०८०पी (फुल एचडी) चित्राला ५ एमबीपीएस आणि त्याहून स्पष्ट अशा ४के ला १५ एमबीपीएस पुरतात. लक्ष द्यायचं ते महिन्याच्या डेटाकडे. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४के ला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. रोज चार तास एचडी धरलं तर महिन्याला ३६० जीबी. आमचा जुना प्लॅन विसाव्या दिवशी संपायचा, म्हणून तर ते १५ वाढले. तुमचं इंटरनेट आणि टीव्ही एकाच कंपनीकडून एकत्र घेतलेलं असेल, तर टीव्ही काढल्यावर नुसत्या इंटरनेटचे किती पडतील हे आधी लेखी विचारून घ्या. काही वेळा एकत्र असल्याची सवलत जाते आणि सगळं गणितच उलटतं.

बफरिंगने पहिल्या महिन्यात जीव नकोसा केला होता. इंटरनेट कंपनीला मी तीनदा फोन केला. दोष त्यांच्या लाइनचा नव्हता. राउटर एका खोलीत, टीव्ही दोन भिंतींपलीकडे आणि टीव्ही वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडलेला. हा पट्टा लांब पोहोचतो, पण त्यात एकमेकांवर न येणारी वाय-फायची चॅनेल (टीव्हीची नव्हेत) तीनच आहेत आणि आजूबाजूचे सगळे राउटर तिथेच गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण भिंतीत तो लवकर अडतो. शेवटी राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ वायर टाकली आणि त्या दिवसापासून चित्र एकदाही अडकलेलं नाही. पुष्कळ टीव्हींना नेटवर्कचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, पण ४के ला तेवढं पुरून उरतं.

स्टिकचीही एक गोष्ट सांगायलाच हवी. मी ती टीव्हीच्याच यूएसबीला लावली होती आणि ती अधूनमधून आपोआप बंद होऊन सुरू व्हायची. स्टिक खराब निघाली असं वाटलं. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ५०० मिलीअँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात, आणि तिला ते पुरत नव्हते. सोबतचा अ‍ॅडॅप्टर भिंतीतल्या प्लगला लावला, त्रास संपला. त्याआधी स्टिकसारखाच टीव्हीला जोडायचा एक स्वस्तातला अँड्रॉइड बॉक्स आणून पाहिला होता. त्यावर एचडीचे पैसे भरूनही चित्र पुसटच दिसायचं. वाइडवाइन नावाची, व्हिडिओची चोरी रोखणारी एक संरक्षण व्यवस्था असते, तिचं एल१ प्रमाणपत्र उपकरणाला नसेल तर बऱ्याच सेवा एचडी देतच नाहीत. घेण्याआधी हे तपासा. तो बॉक्स मी परत केला, म्हणून वरच्या हिशेबात तो नाही.

थेट सामन्यांच्या बाबतीत मात्र केबलच चांगली होती, हे मान्य करते. स्ट्रीमिंगवर चित्र मागे असतं. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून ते एकामागून एक पाठवतात. २००९ मध्ये आलेल्या अ‍ॅपलच्या एचएलएस पद्धतीत सहा सेकंदांचे तुकडे सुचवलेले आहेत आणि चित्र साधारण तीन तुकडे मागून सुरू होतं. इथेच १८ सेकंद गेले, बाकीच्या प्रक्रियेचे वेगळे. शेजारी जल्लोष होतो तेव्हा आमच्याकडे चेंडू अजून हवेतही गेलेला नसतो. ह्यांना याचं फार वाईट वाटायचं. कमी विलंबाच्या पद्धती आल्या आहेत, पण आम्ही घेतलेल्या सेवेत फरक जाणवला नाही. सामना चालू असताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, एवढाच उपाय आम्हाला सापडला. दोन-तीन वेगवेगळ्या खेळांचे सामने वर्षभर बघणारं घर असेल तर माझ्या मते केबल ठेवावी. हक्क वेगवेगळ्या सेवांकडे वाटलेले असतात आणि त्या सगळ्या घेतल्यावर काहीच वाचत नाही.

आणि आई. त्यांच्याबद्दल आधी विचार करायला हवा होता, तो मी केला नाही, याची खंत आहे. त्यांना चॅनेलचे नंबर पाठ होते. रिमोट उचलला, तीन बटणं दाबली, की त्यांचा कार्यक्रम समोर. नवीन रिमोटवर आकडेच नाहीत. प्रोफाइल निवडा, अ‍ॅप निवडा, मग कार्यक्रम शोधा. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी टीव्ही लावणंच सोडून दिलं. “मला नकोच आहे गं, डोळ्यांना त्रास होतो,” म्हणाल्या. डोळ्यांचा प्रश्न नव्हता हे मला कळत होतं. पुन:पुन्हा कुणाला तरी हाक मारावी लागते, ते त्यांना आवडत नव्हतं.

मग एक रविवार त्यासाठीच काढला. त्यांचं अ‍ॅप पहिल्या जागेवर आणलं आणि बाकीची दिसेनाशी केली. एचडीएमआय-सीईसी चालू केलं, म्हणजे एकाच रिमोटने टीव्ही, आवाज आणि स्टिक तिन्ही चालतात. रिमोटवरचं माइकचं बटण दाबून मराठीत नाव बोलायला शिकवलं. पाचातल्या चार वेळा बरोबर लागतं. जाहिराती दाखवून मोफत चालणारी थेट चॅनेल असतात, त्यांतली त्यांना आवडतील तेवढी जोडून दिली. मोठ्या अक्षरांत पायऱ्या लिहिलेला कागद रिमोटच्या मागे चिकटवला. दोन महिने लागले, पण आता त्या स्वतः लावतात, आणि चुकून भलत्याच ठिकाणी गेल्या तर घराचं चित्र असलेलं बटण दाबून परत येतात. घरात वयस्कर माणूस असेल तर केबल तोडण्याच्या आधी महिनाभर दोन्ही शेजारी शेजारी चालू ठेवा. त्या एका बिलाची काटकसर करू नका.

केबल बंद करताना बॉक्सचा सीरियल नंबर आणि परत केल्याची पावती यांचा फोटो काढून ठेवा. आम्हाला बंद केल्यावरही दोनदा बिल आलं आणि त्या फोटोवरच मिटलं.

पुढे किती वाचेल याची मला थोडी धास्ती आहे. नेटफ्लिक्सने २०२२ च्या नोव्हेंबरात जाहिरातींचा प्लॅन आणला, २०२३ मध्ये घराबाहेर पासवर्ड वाटून घेण्यावर बंधनं घातली. अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओनेही २०२४ मध्ये काही देशांपासून जाहिराती सुरू केल्या. म्हणून हा हिशेब मी दर तीन महिन्यांनी नव्याने मांडते. या महिन्यात एकच सेवा चालू आहे, तिची मुदत २८ तारखेला संपते. फ्रिजवरच्या कागदावर पुढच्या सेवेखाली सहा नावं जमली आहेत, त्यातली चार धाकटीची आणि एक आईंच्या अक्षरातलं.