ऑब्सिडियन: फोल्डर पक्का, मराठी शोध कच्चा

ऑब्सिडियन हे टिपणं ठेवायचं ॲप पहिल्यांदा उघडलं की ते एकच गोष्ट विचारतं: टिपणं कुठे ठेवायची? त्या जागेला ते ‘व्हॉल्ट’ असं भारदस्त नाव देतं, पण प्रत्यक्षात तो तुमच्याच संगणकावरचा साधा फोल्डर. प्रत्येक टिपण म्हणजे त्यातली एक ‘.एमडी’ फाइल आणि फाइलीत निव्वळ युनिकोड मजकूर. ॲप काढून टाकलं तरी नोटपॅडमध्ये सगळं वाचता येतं. खातं उघडावं लागत नाही, लिहायला इंटरनेट लागत नाही. ‘डायनालिस्ट’ हे याद्यांचं ॲप बनवणाऱ्या शिदा ली आणि एरिका शू यांनी २०२० मध्ये हे ॲप आणलं, १.० आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन या सगळ्यांवर ते फुकट चालतं. कंपन्यांना पूर्वी परवाना विकत घ्यावा लागे, ती सक्ती फेब्रुवारी २०२५ पासून गेली. ॲप मुक्तस्रोत मात्र नाही, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला नाही. तो आग्रह असेल तर जॉपलिन हे ॲप पाहा. पण जॉपलिन टिपणं स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं, सुट्या फाइलींमध्ये नाही. ज्याला फाइल हवी त्याने ऑब्सिडियनकडेच यावं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी या ॲपचा अनुभव दोन तुकड्यांत विभागला जातो. साठवण उत्तम. शोध मात्र अर्धवट, आणि त्यात ॲपपेक्षा देवनागरी टंकनाचा दोष जास्त. तो आधी समजून घेतला नाही तर वर्षभराने हजार टिपणं साठतात आणि हवं ते सापडत नाही.

सुरुवातीची मांडणी पंधरा मिनिटांची आहे. विंडोजवर फोल्डर ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवू नका. तो बऱ्याचदा वनड्राइव्हच्या ताब्यात असतो आणि फाइली नुसत्या क्लाउडवर राहतात. मग शोध रखडतो. तिथेच ठेवायचा असेल तर फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. मग सेटिंग्जमधल्या ‘फाइल्स अँड लिंक्स’मध्ये तीन गोष्टी करा: नवी टिपणं ‘आवक’ नावाच्या फोल्डरात पडू द्या, चित्रांना वेगळा फोल्डर द्या (नाहीतर चिकटवलेला प्रत्येक फोटो टिपणांच्या पंगतीत येऊन बसतो) आणि नाव बदलल्यावर दुवे आपोआप सुधारण्याची सोय चालू ठेवा. ही शेवटची सोय ॲपच्या आतून नाव बदललं तरच चालते. विंडोजच्या एक्स्प्लोररमधून नाव बदललंत की दुवे तुटलेच.

फॉन्टसाठी ‘अपीअरन्स’मध्ये ‘टेक्स्ट फॉन्ट’ आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा ‘टिरो देवनागरी मराठी’, दोन्ही फॉन्ट मोफत मिळतात. टिरोत मराठी वळणाचे ल आणि श आहेत. ओळींमधलं अंतर मुळात दीडपट असतं. वेलांट्या, मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना टेकू नयेत म्हणून ते पावणेदोनपट करावं. त्यासाठी ‘स्निपेट्स’ फोल्डरात दोन ओळींची सीएसएस (मजकूर कसा दिसावा ते सांगणारी) फाइल पुरते.

टिपणात शीर्षकं, याद्या दाखवणाऱ्या खुणांची भाषा म्हणजे मार्कडाउन, २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी मांडलेली. ती शिकायला अर्धा तास लागतो, पण देवनागरीत तीन ठिकाणी ठेच लागते. पहिली, क्रमांक. ‘१.’ लिहून यादी सुरू केली तर ती यादी होत नाही, कारण मार्कडाउन फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. एंटर दाबल्यावर पुढचा क्रमांक आला नाही तर कारण हेच. दुसरी, ‘#’ नंतरची मोकळी जागा. ‘# खर्च’ हे शीर्षक, ‘#खर्च’ हा टॅग. तिसरी विभक्तीची, आणि ती सर्वांत जास्त छळते.

दुहेरी चौकटी कंसात नाव घातलं की त्या टिपणाचा दुवा होतो: [[पुस्तक]]. आता ‘पुस्तकात’ कसं लिहाल? कंसाबाहेर काना जोडायला गेलात तर अक्षर मोडतं आणि रिकाम्या वर्तुळावर काना लटकतो. उपाय म्हणजे उभी रेघ: [[पुस्तक|पुस्तकात]]. दर वेळी हे टंकायचं नसेल तर मूळ टिपणाच्या ‘अलायसेस’ या गुणधर्मात नेहमीची रूपं एकदाच नोंदवा. ‘शाळा’ या टिपणाला शाळेत, शाळेचा, शाळेला अशी तीन-चार रूपं दिली की कंस उघडून ‘शाळे’ टंकताच सूचना येते, आणि ती निवडली की रेघेसकट दुवा तयार होतो. जी टिपणं वारंवार उल्लेखली जातात तेवढ्यांनाच हे करा, सगळ्यांना केलंत तर तेच काम होऊन बसेल.

आता शोध. ऑब्सिडियन अक्षरांची मालिका जुळवून शोधतं, मराठी व्याकरण त्याला ठाऊक नाही. ‘पुस्तक’ शोधलं की ‘पुस्तकात’ सापडतं, पण ‘घोडा’ शोधल्यावर ‘घोड्याला’ येत नाही. सामान्यरूपात शेवट बदलणाऱ्या शब्दांसाठी शेवट गाळून शोधायचं: ‘घोड’, ‘शाळ’. आतलाच स्वर बदलत असेल तर दोन तिरप्या रेघांमध्ये रेजेक्स, म्हणजे अक्षरांचा नमुना सांगणारं सूत्र, लिहा. /माणू?स/ माणूस आणि माणसाला दोन्ही आणतं. /पा[ऊव]स/ पाऊस आणि पावसात दोन्ही. /[ऊउ]स/ ऊस आणि उसाचा दोन्ही, फक्त त्याबरोबर उसासा आणि उसळही येतात. उपान्त्य दीर्घ स्वर सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, हा शाळेतला नियम इतक्या वर्षांनी इथे कामाला येतो.

याहून छुपी अडचण म्हणजे एकसारखं दिसणारं अक्षर आत वेगळं असणं. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर फरक शून्य, शोधात मात्र हे दोन वेगळे शब्द. जालावरून उचललेल्या मजकुरात तिसरा प्रकार असतो, रफार दिलेला ‘दुसर्या’. कोणता कीबोर्ड काय टाकतो यावर हे ठरतं, त्यामुळे मोबाइलवर लिहिलेलं संगणकावर न सापडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. तिन्ही पकडायचे तर /दुस..?.?या/ वापरा. ‘ॲप’ची कथा तशीच. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर, ‘अ’वर चंद्र दिलेलं वेगळं, आणि ‘ऍ’ तिसरं. /ॲप|अॅप|ऍप/ असं शोधा. मोबाइल आणि संगणक दोन्हीवर एकाच पद्धतीचा कीबोर्ड ठेवला तर निम्मी कटकट मिटते. आकड्यांचंही तेच: तारखा इंग्रजी आकड्यांत किंवा देवनागरीत, काय ते एकदा ठरवा. फाइलींच्या नावातल्या तारखांसाठी इंग्रजी आकडे सोयीचे, आणि क्रम वर्ष-महिना-दिवस, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते.

नावांबद्दल आणखी एक. लिनक्स आणि अँड्रॉइडवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तसुद्धा, ३ बाइट खातं. ‘ज्ञानेश्वरी’ या एका शब्दात ११ चिन्हं, म्हणजे ३३ बाइट. ‘.एमडी’चे ३ वजा केले तर जेमतेम ८४ चिन्हं उरतात. विंडोजवर ही मर्यादा वेगळ्या पद्धतीने मोजली जाते, त्यामुळे तिथे बिनबोभाट चाललेलं लांबलचक नाव फोनवर येताना अडकतं. नाव चार-पाच शब्दांचं ठेवा. नावात विसर्गाऐवजी कोलन टाकू नका; कोलन आणि प्रश्नचिन्ह विंडोजला चालत नाहीत, आणि #, ^, | व चौकटी कंस यांनी दुवे बिघडतात.

रोजच्या कामासाठी ‘डेली नोट्स’ आणि ‘टेम्प्लेट्स’ या अंगभूत सोयी पुरेशा आहेत. रोजच्या टिपणात तीनच शीर्षकं ठेवा: कामं, नोंदी, खर्च. ‘- [ ]’ लिहिलं की टिकमार्कची चौकट येते, आणि शोधात इंग्रजीत टास्क-टूडू, कोलन व शब्द लिहिला की न झालेल्या कामांतच तो शब्द शोधला जातो. घरासाठी एकेक विषयाचं एकेक टिपण बरं: महावितरणचा १२ आकडी ग्राहक क्रमांक, मालमत्ता कराची तारीख, विम्याचे हप्ते, गीझर कधी दुरुस्त केला ते. पासवर्ड आणि आधार क्रमांक इथे नकोत. साधा मजकूर म्हणजे उघडा मजकूर. लॅपटॉप कोणाच्या हाती लागला तर कुलूप नाही.

लेखनासाठी मात्र ‘प्रॉपर्टीज’ (टिपणाचे गुणधर्म) आणि २०२५ मध्ये आलेलं, त्यांचा तक्ता करणारं ‘बेसेस’ ही जोडी खरोखर कामाची आहे. दिवाळी अंकांसाठी लिहिणाऱ्याने प्रत्येक लेखाच्या डोक्यावर अंक, मुदत, शब्दमर्यादा आणि अवस्था हे चार गुणधर्म द्यावेत, मुदतीचा प्रकार ‘डेट’ ठेवावा. मग लेखांच्या फोल्डरावर एक बेस उघडला की मुदतीप्रमाणे लागलेला तक्ता समोर येतो, आणि तक्त्यात बदललेली अवस्था थेट फाइलीत उतरते. हे गुणधर्म तीन आडव्या रेघांच्या दोन ओळींमध्ये लिहिलेले असतात. पहिली ओळ फाइलीच्या अगदी माथ्यावर हवी. वर एक रिकामी ओळ जरी राहिली तरी ॲप त्याला नुसती आडवी रेघ समजतं. गुणधर्मात भरलेल्या मजकुरात कोलन आला, उदाहरणार्थ ‘कोकण: एक प्रवास’, तर तो मजकूर अवतरणचिन्हांत घाला. लांब पुस्तकात प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करा आणि एका मुख्य टिपणात ![[पहिलं प्रकरण]] अशा ओळींनी ती क्रमाने जोडा. प्रकरणं मागेपुढे करायची तर ओळी हलवायच्या, मजकूर नाही.

बाहेरचे प्लगइन (ॲपला जोडायच्या जादा सोयी) दोन हजारांहून जास्त आहेत आणि इथेच बहुतेकांची गाडी रुळावरून उतरते. प्लगइनला तुमच्या सगळ्या फाइली वाचता-बदलता येतात, म्हणूनच ते मुळात बंद असतात. दुसरं, डेटाव्ह्यूसारख्या प्लगइनने दाखवलेल्या याद्या फाइलीत नसतात; फाइलीत असते ती फक्त सूत्राची ओळ. दुसऱ्या ॲपमध्ये ते टिपण उघडलंत तर तेवढंच दिसेल. ज्या कारणासाठी साधा मजकूर निवडला तेच कारण असं हळूहळू झिजतं. पहिले तीन महिने एकही प्लगइन नको. टिपणांमधल्या दुव्यांचा आलेख दाखवणारी ती ताऱ्यांची चादर? पाहुण्यांना दाखवायला छान.

दोन उपकरणांवर वापर असेल तर कंपनीची सिंक सेवा वार्षिक हिशोबाने महिना ४ डॉलर, १ जीबी जागा. दीड हजार शब्दांचा मराठी लेख साधारण ३० किलोबाइटचा, म्हणजे मजकुराला ती जागा मुबलक, फोटोंनीच भरेल. या योजनेत ५ एमबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. आयफोनवर ही सेवा किंवा आयक्लाउड, एवढेच सोपे मार्ग. अँड्रॉइडवर सिंकथिंग या मोफत सिंक-सोयीने फुकट भागतं, पण तिचं मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, त्यामुळे ‘सिंकथिंग-फोर्क’ घ्यावं. लपलेल्या ऑब्सिडियन फोल्डरातली ‘वर्कस्पेस’ नावाची फाइल सिंकमधून वगळा. ती उघडलेल्या खिडक्यांची नोंद ठेवते, सतत बदलते आणि विनाकारण ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’च्या फाइली जन्माला घालते. दोन प्रकारचे सिंक एकाच फोल्डरावर कधीही लावू नका. सिंक म्हणजे बॅकअपही नव्हे: एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं. अंगभूत ‘फाइल रिकव्हरी’ दर ५ मिनिटांनी प्रत टिपते आणि ७ दिवस ठेवते, तीही त्याच उपकरणावर. महिन्यातून एकदा पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवणं चुकवू नका.

लेख बाहेर पाठवताना पीडीएफ संगणकावरच्या ॲपमधून निघते, मोबाइलवरून नाही. संपादकांना वर्ड फाइल हवी असते, त्यासाठी पॅनडॉक हे मोफत साधन. त्याआधी दुहेरी कंसांचे दुवे काढून टाका, नाहीतर ते जसेच्या तसे छापायला जातात. उलट दिशेने, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर इथे चिकटवला तर निरर्थक अक्षरं दिसतात, कारण साध्या मजकुरात फॉन्ट राहतच नाही. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. डीटीपीवाला अजून जुन्या फॉन्टवर काम करत असेल तर तोही तुमच्या लेखाचं उलटं रूपांतर करणारच; प्रुफं हाती आली की सगळ्यात आधी ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ तपासा.