एक्सप्रेसकार्ड मागवताय? निळ्या पोर्टवर भुलू नका

जुन्या लॅपटॉपच्या बाजूला एक्सप्रेसकार्ड स्लॉट असतो, म्हणजे कार्ड घालून जादा पोर्ट मिळवायची खाच. त्यासाठी कार्ड शोधणारे लोक आजही आहेत. कुणाला लग्नाच्या मिनीडीव्ही कॅसेट फायरवायरने (कॅमेरा, ऑडिओ यंत्रं जोडायच्या जुन्या पोर्टने) उतरवून घ्यायच्या असतात, कुणाचा स्टुडिओतला ऑडिओ इंटरफेस फायरवायरचा असतो, कुणाला नुसतं यूएसबी ३.० हवं असतं. हा स्लॉट २००३ मध्ये आला आणि नव्या लॅपटॉपमधून केव्हाच गेला. त्यामुळे विकणाऱ्याला त्यातलं कळत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. फसवणूक इथेच फोफावते.

या स्लॉटच्या २६ पिनांत दोन वेगळ्या वाटा असतात: पीसीआय एक्सप्रेस या संगणकाच्या आतल्या वेगवान जोडणीची एक लेन आणि साधं यूएसबी २.०. पहिलीवर जुन्या लॅपटॉपमध्येही सेकंदाला २५० एमबीची कमाल मर्यादा मिळते, दुसरीवर प्रत्यक्षात तीस-चाळीस एमबी. कार्ड कोणत्या वाटेने चालतं हे बाहेरून कळत नाही. म्हणून ‘यूएसबी ३.०’ म्हणून विकलेल्या कार्डात यूएसबी २.० हबची (एका पोर्टचे अनेक करणारी) स्वस्त चिप निघते, वर यूएसबी ३.० सारखे निळे पोर्ट. पेनड्राइव्ह लावला की चालतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि परत करण्याची मुदत संपते.

हे पकडणं सोपं आहे. आधी टॉर्च मारून पोर्टच्या आत पाहा. खऱ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये नऊ संपर्क असतात, पुढे चार आणि मागे पाच. चारच दिसले तर कार्ड लावायचीही गरज नाही. नऊ असले तरी तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. विंडोज ७ वर कार्ड ड्रायव्हर न मागताच चालू झालं, तर ते यूएसबी २.० आहे, विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळात नाही. पक्का पुरावा डिव्हाइस मॅनेजरमध्ये मिळतो. कार्ड घातल्यावर जे नवं उपकरण उमटतं त्याच्या प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी उघडा. ओळ ‘पीसीआय’ने सुरू झाली तर वाट खरी. कार्ड घातल्यावर नुसता ‘यूएसबी’ने सुरू होणारा हबच उमटला, तर फसवणूक. चिप एनईसी-रेनेसासची असेल तर त्याच ओळीत व्हेंडर क्रमांक (चिप बनवणाऱ्याचा क्रमांक) १०३३ किंवा १९१२ दिसतो. वेग तपासायचा तर एसएसडी लावून तपासा, पेनड्राइव्ह स्वतःच हळू असतो.

मात्र दोन गोष्टींत विक्रेत्याला उगाच दोष देऊ नका. कार्ड दिसतच नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करून, कार्ड घालून मग चालू करा. काही मशीन चालू असताना घातलेलं कार्ड ओळखत नाहीत. थिंकपॅडच्या बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) हा स्लॉट बंदही केलेला असू शकतो. दुसरं, पोर्टेबल हार्डडिस्क टकटक करून तिची जोडणी तुटत असेल तर तो विजेचा प्रश्न आहे. या स्लॉटमधून ३.३ आणि १.५ व्होल्टच मिळतात, ५ व्होल्ट नाहीत. म्हणून चांगल्या कार्डाला बाजूला छोटा पॉवर जॅक असतो. सोबतची वायर लावा.

फायरवायरची लूट याहून वाईट, कारण तिथे सगळे पैसे पाण्यात जातात. ‘यूएसबी ते एक्सप्रेसकार्ड’ किंवा ‘जुन्या पीसी कार्ड स्लॉटसाठी अडॅप्टर’ असा जोड फायरवायर कार्डासोबत विकला जातो. (पीसी कार्ड हा एक्सप्रेसकार्डच्या आधीचा लॅपटॉप स्लॉट.) असल्या अडॅप्टरमधून फक्त यूएसबीची वाट जाते. फायरवायर कार्ड पीसीआय एक्सप्रेसवरच चालतं, त्यामुळे हा जोड कधीच चालणार नाही, कुठलाही ड्रायव्हर टाका. उलट दिशेनेही साधा जोड चालत नाही. पीसी कार्ड ५४ मिमी रुंद आणि ६८ पिनांचं. ते एक्सप्रेसकार्ड स्लॉटला जोडायला आत ब्रिज चिप (दोन वेगळ्या जोडण्या जुळवणारी चिप) असलेलं अडॅप्टर लागतं आणि कार्ड लॅपटॉपच्या बाहेरच राहतं. नुसती प्लास्टिकची पट्टी मिळाली तर ती ३४ मिमीचं एक्सप्रेसकार्ड ५४ मिमीच्या एक्सप्रेसकार्ड खाचेत हलू नये म्हणून असते, बाकी काही नाही. ऑडिओसाठी फायरवायर कार्ड घेताना ‘टेक्सास चिप’ (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची) सांगून व्हीआयएची चिप पाठवतात. टेक्सासचा व्हेंडर क्रमांक १०४सी, व्हीआयएचा ११०६.

जुना लॅपटॉप घेताना ‘एक्सप्रेसकार्ड आहे’ हे शब्द पुरेसे मानू नका. स्मार्टकार्डची पातळ फट दाखवूनही हेच सांगतात. खाचेतलं प्लास्टिकचं डमी कार्ड दाबून बाहेर काढा आणि आत पाहा: पूर्ण रुंदीभर सुयांच्या दोन ओळी दिसल्या तर पीसी कार्ड, एकाच बाजूला अरुंद कनेक्टर दिसला तर एक्सप्रेसकार्ड.

मॅकबुक प्रोवाल्यांनी एक जपावं. कार्डाच्या डब्यातली छोटी ८ सेंमीची ड्रायव्हर सीडी मॅकबुकच्या सीडी आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, आत अडकते.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, लिस्टिंगचा आणि हार्डवेअर आयडीचा स्क्रीनशॉट जपा. परत करताना ‘आवडलं नाही’ हे कारण निवडू नका, ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ हेच निवडा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तरीही टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक विक्रेत्याला कळवा.