गोळ्यांच्या स्ट्रिपवरची मुदतीची तारीख कुणाला विचाराल: एआयला की माणसाला?

'बी माय आइज' या एकाच मोफत अ‍ॅपमध्ये दृष्टिहीन वापरकर्त्याला दोन वाटा मिळतात. २०१५ पासून व्हिडिओ कॉलवरचा स्वयंसेवक, आणि २०२३ पासून फोटोचं वर्णन करणारी एआय.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला लग्नाचा फोटो, साडीचा रंग, खोलीतली मांडणी यांसाठी एआयच घ्या. रात्री बारालाही काही सेकंदांत सविस्तर सांगते, दहादा विचारलं तरी कुणाची झोपमोड होत नाही. प्रश्न मात्र मोकळा ठेवा. 'शर्ट लालच आहे ना?' असं विचारलंत तर ती होकाराकडे झुकते, 'रंग कोणता?' असं विचारा.

गोळ्यांच्या स्ट्रिपवर चित्र पालटतं. मुदत बहुधा एका टोकाला, बारीक अक्षरांत असते, कधी नुसती ठसवलेली. चंदेरी पत्र्यावर उजेड चमकला की ३, ६ आणि ८ एकसारखे दिसतात. एआय तिथे संभाव्य आकडा भरते आणि तोही ठाम वाक्यात. स्वयंसेवक म्हणतो, 'जरा तिरकी धरा, अजून थोडी डावीकडे.' हा फरक फार मोठा आहे. औषधाला माणूसच हवा.

मुळात एआयला वर्णनं शिकवायला वापरलेल्या 'कोको' या फोटोसंचातले फोटो फ्लिकर या फोटो-संकेतस्थळावरचे, म्हणजे बहुतेक डोळसांनी नीट काढलेले. २०१८ च्या 'विझविझ' संचात दृष्टिहीनांनी स्वतः काढलेले फोटो आणि स्वतः विचारलेले प्रश्न आले. कितीतरी फोटो अंधुक, अर्धवट. काहींवरून उत्तर देताच येत नाही. 'दिसत नाही' हेही योग्य उत्तर असतं, हे त्या संचाने अभ्यासाच्या केंद्रात आणलं. म्हणून एआयला प्रत्येक वेळी सांगा: 'वाचता आलं नाही तर तसं सांग, अंदाज करू नकोस.' चुका कमी होतात, थांबत नाहीत.

मराठी कागदांवर घ-ध, भ-म, थ-य यांची गल्लत होते. वीजबिलाचा आशय एआयकडून ऐका, रक्कम दुसऱ्या फोटोवर पुन्हा विचारून पडताळा. आधार कार्ड आणि बँकेचे कागद एआय किंवा स्वयंसेवक, कुणालाच दाखवू नका: एकीकडे फोटो सर्व्हरवर जातो, दुसरीकडे अनोळखी माणूस पाहतो.

नोटांसाठी या दोन्हींची गरज नाही. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' अ‍ॅप इंटरनेटशिवाय नोट किती रुपयांची ते सांगतं. ती खरी की खोटी, हे सांगत नाही.

आणि नवी स्ट्रिप आणली की स्वयंसेवकाला आधी विचारा, मुदत कोणत्या टोकाला आहे. तिथे रबरबँड लावा आणि गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढत जा.