तळहाताएवढा गारठा: शांघायमधल्या चिनी उपचारांचा ऑक्टोबर ते ऑगस्टचा अनुभव

ज्यांना सगळं वाचायचं नाही त्यांच्यासाठी गुण आधीच देऊन टाकते. दुखणं समजावून सांगण्याच्या पद्धतीला पाचपैकी साडेचार. काढ्याला साडेतीन. दवाखान्यात घेतलेल्या मोक्साच्या, म्हणजे जळत्या औषधी पानांच्या, शेकाला तीन, घरी आणलेल्या मोक्साच्या पेटीला दोन आणि उन्हाळ्यातल्या त्या लेपाला शून्य. आता सविस्तर.

माझी तक्रार ऐकून लोक हसायचे. दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, किंचित डावीकडे, तळहाताएवढ्या जागेत सतत गार वाटायचं, ओला रुमाल चिकटवून ठेवल्यासारखं. दुखत नव्हतं, बधिर नव्हतं, खाजतही नव्हतं. स्वेटरवर शाल घेतली तरी बाकीची पाठ घामेजायची आणि तेवढा तुकडा तसाच. नवऱ्याने कोविडच्या काळात घेतलेला तापमापक, तो कपाळावर रोखायचा, पाठीवर फिरवून बघितला. त्या जागेचं आणि शेजारच्या कातडीचं तापमान जवळजवळ सारखंच. म्हणजे गार वाटत होतं, गार पडलेलं नव्हतं. यात काही चमत्कार नाही. पेपरमिंटची गोळी चघळल्यावर तोंड थंडगार होतं तेव्हा तापमान कुठे उतरतं? मेंथॉल थंडीची खबर देणाऱ्या मज्जातंतूंना डिवचतं, एवढंच.

गणपतीला कोल्हापूरला गेले तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ सगळं तपासून घेतलं, ईसीजीही काढला. बी-१२ काठावर होतं, त्याच्या गोळ्या दिल्या. बाकी ठीक. आईचं निदान त्याआधीच झालेलं होतं: "वारं भरलंय पाठीत. ओव्याची पुरचुंडी कर आणि शेक."

शांघायला परतल्यावर थंडी सुरू झाली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: चीनमध्ये छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदीच्या रेषेच्या उत्तरेला सरकारी व्यवस्थेतून घरोघरी उष्णता पुरवली जाते, दक्षिणेला नाही. शांघाय दक्षिणेला पडतं. तापमान शून्याच्या आसपास, हवेत दमटपणा आणि घरात एसीची गरम हवा, ती सगळी छताला जाऊन बसते. बेजिंगहून आलेले लोकसुद्धा इथल्या थंडीला वैतागतात. ऑफिसातली एक सहकारी मला तिच्या ओळखीच्या चिनी वैद्यकाच्या रुग्णालयात घेऊन गेली. दुभाष्याचं कामही तिनेच केलं, कारण माझं चिनी भाजी घेण्यापुरतं.

तपासणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात. गार कुठे वाटतं हे त्यांनी विचारलं, केवढ्या जागेत तेही विचारलं. मी हाताने दाखवल्यावर मान डोलावून म्हणाल्या, "तळहाताएवढं." मग प्रश्न सुरू झाले ते पाठीचे नव्हेतच. तोंड कोरडं पडतं का, कडू होतं का? तहान लागते का, आणि लागली तर गरम पाणी हवंसं वाटतं की गार? जेवल्यावर पोटाच्या वरच्या भागात भरल्यासारखं होतं का? उठताना गरगरतं का? दोन्ही मनगटांची नाडी बघितली, जीभ बघितली. जीभ फिकट, फुगीर, कडेला दातांचे वळ आणि वर पांढरा ओलसर थर. माझं तोंड कोरडं पडत नव्हतं. जेवण जड व्हायचं आणि मधूनमधून गरगरायचंही, पण पाठीची तक्रार घेऊन गेल्यावर ते सांगायचं मला सुचलंच नसतं.

पाठीला गार का वाटतं याची चिनी वैद्यकात एकच एक फोड नाही. पाठ ही यांगची बाजू, म्हणजे उबेची, हालचालीची. कण्यातून दू माइ नावाची वाहिनी, म्हणजे त्यांच्या मते शरीरातली शक्ती वाहण्याची वाट, वर जाते, तिला यांगचा समुद्र म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांनी मूत्राशयाच्या वाहिनीच्या दोन-दोन रेषा उतरतात. त्या रेषांवर फुप्फुस, हृदय, यकृत, मूत्रपिंड अशा प्रत्येक अवयवाची एकेक जागा ठरलेली आहे. बाहेरून वारा आणि थंडी शिरते ती मानेखालून, आणि तिथल्या एका बिंदूचं नावच 'वाऱ्याचं दार' आहे. अशी बाहेरून आलेली थंडी नवी असते, सोबत कणकण, अंगदुखी असते. कमरेत गार वाटत असेल, पाय गार पडत असतील, रात्री लघवीला उठावं लागत असेल, तर मूत्रपिंडाचं यांग कमी पडलं असं समजतात. माझ्यासारख्या वरच्या, मोजक्या तुकड्याला तिसरं कारण लावलं जातं. पचन मंद, त्यामुळे पाणी नीट वाहत नाही आणि हृदयाखाली, म्हणजे जठराच्या वरच्या अंगाला साठून राहतं. त्या साठ्यामुळे आतली ऊब पाठीपर्यंत पोचत नाही.

हे त्या बाईंच्या पदरचं नाही. पूर्व हान काळाच्या अखेरीस, साधारण १८०० वर्षांपूर्वी, झांग झोंगजिंग नावाचा वैद्य होऊन गेला. त्याच्या 'जिनग्वेइ याओल्वे' या ग्रंथात स्पष्ट लिहिलंय की हृदयाखाली पाणी साठून राहिलेल्या माणसाच्या पाठीत हाताएवढ्या जागेत गार वाटतं. सहकारीने फोनवर ते वाक्य काढून दाखवलं तेव्हा मी दोनदा खात्री करून घेतली. आपली ज्यावर टिंगल झाली ती तक्रार, तिच्या मापासकट, इतक्या जुन्या ग्रंथात नोंदलेली सापडणं हा वेगळाच दिलासा असतो. काढा घ्यायच्या आधीच अर्धं बरं वाटलं, आणि हे वाक्य औषधाच्या गुणाबद्दल वाचताना ध्यानात ठेवा.

मला खरं पटलं ते पुढचं. त्याच वैद्याच्या 'शांगहान लुन'मध्ये पाठीला गार वाटण्याची आणखी दोन कलमं आहेत आणि दोघांचे उपाय उलट दिशेचे. एका ठिकाणी रुग्णाचं तोंड ठीक आहे, कोरडं नाही, आणि पाठीला थंडी वाजतेय. तिथे तो शेक द्यायला सांगतो आणि वर फूझीचा काढा, म्हणजे प्रखर उष्ण औषध. दुसरीकडे रुग्णाचं तोंड कोरडं, तहान, जिवाची तगमग, आणि पाठीला किंचित थंडी. इथे तो चक्क थंड काढा देतो: जिप्सम, झीमू नावाचं मूळ, ज्येष्ठमध, तांदूळ आणि जोडीला जिनसेंग. कारण या रुग्णाच्या आत उष्णता आहे, तिने पाणी आणि ताकद दोन्ही आटवलंय, पाठीची थंडी हा तिचाच परिणाम. तोंडाचे प्रश्न त्या बाई का विचारत होत्या ते तेव्हा कळलं. गार वाटतंय म्हणून गरम द्या, इतका सरळ हिशेब जुन्या ग्रंथात नाहीच.

हा सरळ हिशेब दुकानांत आहे. शांघायच्या गल्लोगल्ली मोक्साची दुकानं आहेत, ऑनलाइन तर पूर आलाय. तिथे कुणीही तोंड कोरडं आहे का म्हणून विचारत नाही. पाठ गार? अंगात थंडी भरलीय. मोक्सा घ्या, दहा बैठकांचं कार्ड घ्या, वीस घेतल्या तर पेटी फुकट. माझ्या घराजवळच्या दुकानात कपिंग, म्हणजे हवा काढून पाठीवर चिकटवलेले पेले, करून घेतलं, तेव्हा पाठीवर उमटलेले काळेनिळे गोल आरशात दाखवून "बघा किती थंडी बाहेर आली" असं सांगितलं. ओढून धरलेल्या कातडीखाली रक्त साकळलं की ते काळंनिळं दिसणारच. मी परत गेले नाही.

काढ्याचं नाव लिंग-ग्वेइ-झू-गान तांग, चार औषधांच्या नावांतला एकेक तुकडा जोडून केलेलं. फूलिंग ही पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी, दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, बायझू नावाचा कंद आणि मधात परतलेलं ज्येष्ठमध. रुग्णालयच काढा उकळून सीलबंद पिशव्यांत कुरिअरने घरी पाठवतं. पिशवी गरम पाण्यात ठेवायची, कोपरा कापायचा, सकाळ-संध्याकाळ एकेक. चव बरी आहे, दालचिनीचा वास, गोडसर. चिनी काढ्यांच्या मानाने हा मवाळ, दुसऱ्या एका काढ्याच्या वासाने माझा मुलगा खोली सोडून गेला होता. एक धोका मात्र सांगायला हवा. ज्येष्ठमध बरेच दिवस पोटात गेलं की रक्तदाब वाढू शकतो, पोटॅशियम उतरू शकतं. बाईंनी मला दर भेटीत रक्तदाब मोजून यायला सांगितलं होतं आणि मध्ये खंडही घ्यायला लावला. बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

आणि फूझी ऑनलाइन मागवून घरी उकळायचा विचारही नको. ते आपल्या बचनागाच्याच कुळातलं मूळ. प्रक्रिया करून, बराच वेळ उकळून देतात तेव्हा ते औषध, नाहीतर हृदयाचे ठोके बिघडवणारं विष.

पथ्य कडक. बर्फाचं पाणी, कच्चं सॅलड, केळं, दही, ताक सगळं बंद. कोल्हापूरच्या माणसाला ताक बंद म्हणजे शिक्षाच, पण जेवल्यानंतरचा जडपणा पहिल्या महिन्याभरात कमी झाला हे खरं. तो काढ्याने की पथ्याने, सांगता येणार नाही.

मोक्साबद्दल थोडं ऐसपैस लिहिते, कारण त्याचीच चौकशी जास्त होते. हा आय नावाच्या वनस्पतीच्या वाळवून कुटलेल्या पानांचा कापूस. जोतिबाला वाहतो तो दवणा याच्याच प्रजातीतला. हुबेइ प्रांतातल्या छीछुनचा आय नामांकित, आणि जुना मुरलेला चांगला समजतात. दवाखान्यात माझा शेक गाओह्वांग नावाच्या बिंदूवर व्हायचा. छातीच्या चौथ्या मणक्याखाली, मधल्या रेषेपासून तीन छुन बाहेर. छुन म्हणजे रुग्णाच्याच अंगठ्याची रुंदी, आपल्या आयुर्वेदातल्या अंगुळासारखं ज्याचं त्याचं माप. हा बिंदू शोधताना बाई मला पुढे वाकून दोन्ही हातांनी विरुद्ध खांदे धरायला लावायच्या. फरे बाजूला सरकले की बोट नेमकं आत जातं. तिथे दाबल्यावर जी गोड कळ यायची, ती माझ्या गार तुकड्याच्या बरोबर कडेला.

या जागेची गोष्ट मोठी आहे. इ.स.पू. ५८१ मध्ये जिन राज्याचा सत्ताधीश जिंग आजारी पडला. त्याला स्वप्न पडलं की आजार दोन पोरांच्या रूपात बोलतोय: वैद्य चांगला आहे, आपण हृदय आणि छाती-पोटामधला पडदा यांच्यामधल्या त्या जागेत लपू, तिथे तो काय करणार? वैद्य आला आणि म्हणाला, आजार जिथे गेलाय तिथे ना सुई पोचते ना औषध. आजही हाताबाहेर गेलेल्या दुखण्याला चिनी माणूस 'गाओह्वांगमध्ये गेलं' म्हणतो. पुढे थांग काळातल्या सुन सिमियाओने मात्र ठणकावून लिहिलं की त्या वेळच्या लोकांना बिंदू सापडला नाही ही त्यांचीच कच्चाई, इथे शेक दिला तर बरं न होणारं काही नाही. दुसरं टोक! पण ती जागा हाताला सापडायला अवघड म्हणून माणसाला पुढे वाकवायचं, ही युक्ती कामाची आहे.

शेक सुरू असताना ऊब हळूहळू आत उतरते आणि तो तुकडा त्या वेळेपुरता नाहीसा होतो. सुरुवातीला संध्याकाळपर्यंत टिकायचं, मार्चनंतर आठवडा-आठवडा. ओव्याच्या पुरचुंडीनेही तासभर बरं वाटायचं, हे आईच्या बाजूने नोंदवून ठेवते.

घरच्या पेटीला दोनच गुण का? बांबूची पेटी, आत जाळी, वर मोक्साची कांडी खुपसायला भोकं. पाठीवर ठेवून पालथं पडायचं. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, त्यामुळे कुणीतरी शेजारी बसून दर थोड्या वेळाने पेटी उचलून बघावं लागतं. नवरा मॅच बघत होता त्या दिवशी एक छोटा फोड आलाच. धुराचं तर विचारू नका. वास थेट गांजासारखा, पडदे आठवडाभर वास मारतात. मग बिनधुराच्या काळ्या कांड्या आणल्या, त्या जास्त तापतात. मधुमेहामुळे ज्यांच्या कातडीची जाणीव कमी झालीय, त्यांनी या पेटीला हातही लावू नये.

जुलैमध्ये सानफूचे दिवस येतात, वर्षातला सगळ्यात उकाड्याचा काळ. हिवाळ्याचं दुखणं उन्हाळ्यात मारायचं या विचाराने पाठीवर पांढरी मोहरी, आलं वगैरेंचा लेप लावतात. रुग्णालयात रांगा लागतात. मीही लावून घेतला. मोहरी कातडी भाजते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. चार चट्टे उठले, दोन पाणावले, डाग अजून आहेत. गुण काही जाणवला नाही.

आता एकूण फरक. रोज, दिवसभर वाटणारा गारठा एप्रिलपासून अधूनमधून येतो. जूनच्या पावसाळी दमट दिवसांत आठवडाभर परतला होता. पण याच काळात बी-१२ सुधारलं, थंडी संपली, ताक सुटलं, आणि ऑफिसात माझ्या पाठीवर एसीचा झोत यायचा ती जागा मी बदलून घेतली. यातल्या कशाचा वाटा किती, ते एका माणसाच्या अनुभवातून निघणार नाही. वाहिन्या शरीर उघडून कुणाला सापडलेल्या नाहीत, आणि माझ्या जठरावर पाणी साठलंय असं कुठल्या सोनोग्राफीत दिसलेलंही नाही. बाईंना हे विचारलं तर हसून म्हणाल्या, "सोनोग्राफीत दिसलं असतं तर तुला इकडे कशाला पाठवलं असतं?"

एवढं वाचून कुणी जाणार असेल तर आधी साध्या रक्ततपासण्या करून घ्या. पाठीत अचानक कळ, घाम, धाप, हातात दुखणं असं काही असेल तर चिनी-देशी काही न करता सरळ इस्पितळ गाठा. आणि जो वैद्य पाठीला हात लावायच्या आधी तुमच्या तोंडाची आणि तहानेची चौकशी करत नाही, त्याचं कार्ड घेऊ नका. माझा काढा मेपासून बंद आहे, दवाखान्यातला शेक महिन्यातून एकदा. पेटी वरच्या मजल्यावरच्या काकू घेऊन गेल्यात, ती मी परत मागणार नाही. ताक पुन्हा सुरू केलंय, फक्त दुपारचं, जिरं घालून आणि फ्रिजबाहेर ठेवलेलं.