फिफॉक्स: शॉकअप तपासायला खिशातला फोन पुरतो का?

शॉकअप (शॉक ॲब्झॉर्बर) गेला की नाही, हे बहुतेक गॅरेजमध्ये बॉनेट दाबून ठरवतात, आणि तेवढ्यावर चारही बदलायचा खर्च अंगावर येतो. त्या अंदाजाला आकड्याचा आधार हवा असेल तर फिफॉक्स हे ॲप जरूर वापरावं. जर्मनीतल्या आखेन तंत्रविद्यापीठाने 2016 साली भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी काढलेलं हे ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. फोनमधल्या प्रवेगमापकाची (वेगातला बदल मोजणाऱ्या सेन्सरची) वाचनं ते आलेखात दाखवतं. गाड्यांसाठी बनलेलं नसल्यामुळे ‘शॉकअप खराब’ असा निकाल ते देत नाही, आलेख आपल्यालाच वाचावा लागतो.

वाचायचं काय? गाडीचं धड स्प्रिंगवर सेकंदाला साधारण 1 ते 1.5 वेळा वरखाली होतं. चाक आणि त्याला जोडलेला भाग मात्र टायरच्या रबरावर 10 ते 15 हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला 10 ते 15 वेळा, थरथरतो. शॉकअपला ही दोन्ही कंपनं आवरायची असतात. पहिलं सुटलं की मागच्या सीटवरच्यांना मळमळतं. दुसरं सुटलं तर चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, आणि परशुराम किंवा कुंभार्ली घाटातल्या ओल्या वळणावर ब्रेक मारला की त्याची किंमत कळते. म्हणून 10 ते 15 हर्ट्झचा पट्टा आम्ही जास्त महत्त्वाचा मानतो.

निम्मी वाचनं फोन ठेवण्यातच बिघडतात. डॅशबोर्डवरचा होल्डर अजिबात नको, कारण त्याची स्वतःची थरथर आलेखात येते. रबरी कव्हर काढावं, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने फोन थेट पत्र्यावर आडवा बसवावा, स्क्रीन वर. मागच्या शॉकअपसाठी डिक्कीत चाकाच्या कमानीजवळ, पुढच्यासाठी पायदानाचा गालिचा उचलून खालच्या पत्र्यावर. असा ठेवला की झेड अक्ष म्हणजे उभी हालचाल. टायरमधली हवा गाडी थंड असताना दाराच्या स्टिकरप्रमाणे भरून घ्यावी, कारण जास्त हवेचा टायर कडक होतो आणि चाकाची थरथर बदलते. दोन चाचण्यांमध्ये माणसं आणि सामान तेवढंच हवं. गणपतीला मुंबईहून भरून आलेल्या गाडीची रिकाम्या गाडीशी तुलना होत नाही, वजन वाढलं की धडाचं कंपन संथच होतं.

पहिली चाचणी उभ्या गाडीची. इंजिन बंद. चालू ठेवलं तर 800 आरपीएमला क्रँक सेकंदाला तेरा फेरे मारतो, म्हणजे नेमक्या चाकाच्या पट्ट्यात गोंधळ. ‘गुरुत्वासह प्रवेग’ हा प्रयोग निवडावा. गुरुत्व वगळलेल्या प्रयोगात फोन स्वतःची गाळणी लावतो, तिने संथ कंपनाचा आकार बिघडू शकतो. तीन ठिपक्यांच्या मेनूत वेळ लावून ठेवता येते: पाच सेकंदांनी सुरू, पंधरा सेकंदांनी बंद. कोपरा तालात तीनदा दाबून सोडून द्यावा. रेषा 9.8 च्या (म्हणजे गुरुत्वाच्या) आसपास हेलकावे घेऊन स्थिरावते. त्या मधल्या रेषेपासून मोजायचं. सोडल्यानंतरचं पहिलं शिखर 2 असेल तर त्याच बाजूचं पुढचं 0.5 च्या आसपास किंवा त्याहून खाली हवं. ते 1 च्या वर राहिलं आणि मागे आणखी तीनचार लाटा दिसल्या, तर शॉकअपमध्ये दम उरलेला नाही.

उलटा अर्थ मात्र लावू नये. हाताने दाबताना शॉकअपचा दांडा हळू सरकतो, आणि तेल अडवणाऱ्या सीलचं, सांध्यातल्या रबरी बुशचं घर्षणही लाट दाबून टाकतं. किनाऱ्यावरच्या गाड्यांत जुने, आवळलेले बुश असतील तर गेलेला शॉकअपही इथे पास होतो.

खरी परीक्षा स्पीडब्रेकरवर. गावातला एकच, कडा न मोडलेला ब्रेकर निवडावा, वेग 20, गाडी सरळ, ब्रेक न लावता, पाच फेऱ्या. चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही. फोनचा हॉटस्पॉट चालू करून ॲपमधला दूरस्थ प्रवेश सुरू केला की दुसऱ्या फोनच्या ब्राउझरवरून नोंद सुरू-बंद करता येते, आणि त्याला मोबाइल डेटा लागत नाही. रेंज नसलेल्या घाटाखालच्या गावात ही सोय फार मोलाची आहे. डाव्या आणि उजव्या बाजूला फोन ठेवून वेगळ्या नोंदी घ्याव्यात. ब्रेकरनंतर एका बाजूची थरथर लगेच विरते आणि दुसरीकडे ती रेंगाळते, असं पाचपैकी चार फेऱ्यांत दिसलं तर त्या बाजूचं चाक काढून बघावं. दांड्यावर नुसता तेलाचा पुसट ओलावा चालतो. पण लाल मातीचा थर काळा, चिकट होऊन खालपर्यंत ओघळला असेल तर सील गेलं आहे. धूळरोधक रबर फाटलं की जांभ्याची बारीक माती दांड्यावर बसते आणि प्रत्येक हालचालीला सील घासते. त्याच वेळी स्प्रिंगच्या खालच्या वेढ्याखाली बोट फिरवावं. खाऱ्या हवेत गंज तिथे चिखलाखाली लपून वाढतो आणि स्प्रिंग तिथेच तुटते.

वर्णपटाचा, म्हणजे कोणत्या हर्ट्झचं कंपन किती जोराचं ते दाखवणारा, प्रयोग महामार्गासाठी. सेकंदाला 100 वाचनं घेणाऱ्या (100 हर्ट्झच्या) फोनवर 1024 वाचनं म्हणजे दहा सेकंद, तेवढा वेळ वेग स्थिर हवा. इथे दोन फसगती होतात. काँक्रीटच्या रस्त्याचे सांधे सहसा साडेचार मीटरवर असतात, त्यामुळे 60 च्या वेगाला 3.7 हर्ट्झजवळ एक सुळका उभा राहतो. तो रस्त्याचा, गाडीचा नाही. दुसरी फसगत बॅलन्सिंगची: 165/80 आर14 टायर 80 च्या वेगाला सेकंदाला 11 ते 12 फेरे मारतो, म्हणजे पुन्हा चाकाच्याच पट्ट्यात. वेग 65 वर आणावा. सुळका डावीकडे सरकला तर दोष बॅलन्सिंगचा किंवा रस्त्याचा, जागचा हलला नाही तर सस्पेन्शनचा.

एक गोष्ट या ॲपला जमत नाही: टायर रस्त्यावर किती जोराने टेकला आहे, हे मोजणं. त्यासाठी युसामा (युरोपातल्या शॉकअप उत्पादकांची संघटना) पद्धतीचं यंत्र लागतं. ते चाकाखालची पाटी 6 मिलिमीटरने, 25 हर्ट्झपर्यंत हलवून सोडून देतं आणि सर्वांत कमी भार स्थिर भाराच्या किती टक्के राहिला ते सांगतं. 60 च्या वर उत्तम, 40 ते 60 चांगलं, 20 ते 40 कमकुवत, त्याखाली धोका. हलक्या गाड्यांचं मागचं चाक मुळातच कमी आकडा दाखवतं, तेव्हा तिथे डाव्या-उजव्यातला फरक जास्त बोलका.

खडबडीत रस्त्यावरची खटखट शोधायलाही ॲप काढू नये. लिंक रॉड, लोअर आर्मचा बुश, स्ट्रटच्या वरचं बेअरिंग यांचे आवाज 100 हर्ट्झच्या फोनच्या आवाक्यात बसत नाहीत. गाडी जॅकवर घेऊन पहारीने हलवून बघणं हाच उपाय. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या बोलेरोच्या मागच्या बाजूला तर उभी चाचणी लावूच नये, पाटे एकमेकांवर घासून लाट आधीच दाबून टाकतात. शॉकअप बदलले तर एका ॲक्सलचे दोन्ही बदलावेत, आणि नव्या जोडीची नोंद त्याच दिवशी, त्याच ब्रेकरवर घेऊन तारखेसह एक्सेलमध्ये काढून ठेवावी. पुढच्या पावसाळ्यानंतरची नोंद तिच्याशीच ताडायची आहे.