स्टिकर आठव्या जनरेशनचा, लॅपटॉप सहाव्या

सेकंडहँड लॅपटॉप घ्यायला निघाला असाल, आणि त्यातही छोटा, हलका, सॅकमध्ये ठेवला तरी खांदा न दुखवणारा हवा असेल, तर आधी हे वाचा. माझ्या भाचीला लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात कसं गंडवलं ते सविस्तर लिहितोय. दुकानाचं नाव देत नाही. दिलं तर लोक तेवढं एक दुकान टाळतील आणि शेजारच्या दुकानात निर्धास्त शिरतील. युक्ती काही त्या एकाच दुकानाच्या मालकीची नाही.

भाची सीएची आर्टिकलशिप करते. डोंबिवलीहून सकाळची फास्ट, आज ऑडिट ठाण्याला तर उद्या तळोज्याला. ऑफिसने दिलेला पंधरा इंची धोंडा घेऊन त्या गर्दीत चढणं म्हणजे काय ते डोंबिवलीकरांना सांगायला नको. म्हणून साडेबारा इंची स्क्रीनचा, सव्वा किलोच्या आसपासचा लॅपटॉप शोधायचं ठरलं. या मापात जुन्या बाजारात मुख्यतः तीन घराणी दिसतात: डेलचे लॅटिट्यूड ७०००, लेनोवोचे थिंकपॅड एक्स आणि एचपीचे एलिटबुक ८२०. कंपन्यांची लीज (भाड्याने घेतलेल्या मशीनचा करार) संपली की हे लॉटच्या लॉट बाजारात येतात. मुळात दणकट माल असतो, त्याबद्दल तक्रार नाही.

यांपैकी कशातच सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह नसतो. बारीक ड्राइव्हही सहसा ९.५ मिलिमीटरच्या आसपास जाड, शिवाय बॅटरीची जागा खातो. २००८ साली मॅकबुक एअरने तो काढून टाकला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, आज कुणाला आठवतही नाही. आमच्या घरी मात्र आठवतो, कारण ताईच्या गाण्याच्या क्लासचे सगळे जुने कार्यक्रम डीव्हीडीवर पडून आहेत. म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्हही हवा होता. दुकानदाराने हे बरोबर हेरलं.

पण खरा खेळ 'जनरेशन'चा, म्हणजे प्रोसेसरच्या पिढीचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर अधिकृतपणे आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो. शिवाय या हलक्या लॅपटॉपमधल्या आय फाइव्हमध्ये सातव्यापर्यंत दोनच कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) असत, आठव्यात चार झाले. त्यामुळे सहावी-सातवी आणि आठवी यांच्या भावात चांगलं अंतर पडतं. आणि आता गंमत बघा: लॅटिट्यूड ७२८० आणि ७२९० शेजारी ठेवले तर रोज हाताळणारालाही पटकन फरक सांगता येणार नाही. तीच बॉडी, तोच कीबोर्ड, तीच स्क्रीन. ७२८० मध्ये सहावी किंवा सातवी जनरेशन असते, आठवी हवी तर ७२९० घ्यावा लागतो.

आम्हाला दाखवला तो '७२९०, आय फाइव्ह, एट्थ जेन, आठ जीबी, २५६ एसएसडी'. भाव एकोणीस हजार, घासाघीस करून साडेसतरा. भाचीने सगळं नीट पाहिलं. हाताच्या ठेवणीपाशी (कीबोर्डखाली हात टेकतात तिथे) आठव्या जनरेशनचा स्टिकर. खालच्या बाजूला मॉडेल नंबर ७२९०. सेटिंग्जमध्ये 'अबाउट'चं पान उघडलं, तिथे स्वच्छ लिहिलेलं: आय फाइव्ह ८३५०यू, म्हणजे आठवीच. विंडोज ११ चालू, अ‍ॅक्टिव्हेटेड. एखादं गिऱ्हाईक आणखी काय पाहणार? दुकानदार म्हणाला, "अंकल, कंपनी का माल है, एकदम मख्खन." वर एक बाहेरचा डीव्हीडी रायटर 'फ्री'. तो चालतो हे दाखवायला त्याने गल्ल्याखालून जुन्या हिंदी गाण्यांची सीडी काढली, घातली, गाणं वाजलं. ताई खूश.

घरी आल्यावर पहिला दगा ड्राइव्हने दिला. सीडी वाचायचा, डीव्हीडी घातली की नुसता घरघर करायचा. सीडी आणि डीव्हीडी वाचायला वेगवेगळ्या तरंगलांबीचे लेझर लागतात, एक मेला तरी दुसरा चालू राहतो. दुकानात दाखवायला सीडीच का निघाली, डीव्हीडी का नाही, याचं उत्तर तिथे मिळालं. तरी वाटलं, फुकटातली वस्तू आहे, सोडून द्या.

लॅपटॉपचं लक्षात आलं ते एका काळ्या खिडकीमुळे. लॉगिन केलं की डेस्कटॉपवर क्षणभर एक काळी चौकट चमकून जायची, वाचता येण्याआधीच गायब. भाचीला वाटलं व्हायरस. तिच्या ऑफिसात सिस्टीम सांभाळणारा मुलगा आहे, त्याला दाखवलं. त्याने टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर बोट ठेवलं: कोअर २, लॉजिकल प्रोसेसर ४. "८३५०यू असेल तर इथे ४ आणि ८ पाहिजे," तो म्हणाला. मग मशीन बंद करून सुरू केलं, डेलचा लोगो येताच एफ टू दाबत राहिला आणि बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारं मशीनचं स्वतःचं सेटिंग, उघडलं. तिथे प्रोसेसर: आय फाइव्ह ६३००यू. सहावी जनरेशन! सर्व्हिस टॅगही (डेलचा दर मशीनचा वेगळा नंबर) खालच्या स्टिकरवर एक आणि बायोसमध्ये दुसराच. बायोसमधला टॅग डेलच्या साइटवर टाकला तर मॉडेल आलं ७२८०.

काळी चौकट काय होती, तेही त्यानेच शोधलं. 'अबाउट'च्या पानावर दिसणारं प्रोसेसरचं नाव विंडोज आपल्या रजिस्ट्रीतून (अंतर्गत नोंदींच्या साठ्यातून) वाचते, आणि मशीनचे पूर्ण हक्क हातात असले की तिथला मजकूर कुणालाही बदलता येतो. मशीन सुरू होताना खरं नाव परत येतं, म्हणून दुकानदाराने टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेली कामं आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीत) अपडेटसारखं साळसूद नाव देऊन एक फाइल लावून ठेवली होती. दर लॉगिनला ती गुपचूप खोटं नाव लिहायची. एका ओळीची कमांड, आणि तिच्या जोरावर काही हजारांचा फरक खिशात. खालचे स्टिकर छापून मिळतात, जनरेशनचे तर पानंच्या पानं मिळतात. आता मागे वळून बघताना दिसतं की हाताच्या ठेवणीचा रंग घासून गेलेला आणि स्टिकरचे कोपरे मात्र कोरे करकरीत.

विंडोज ११ चालू आहे, हाही पुरावा नाही. जुन्या प्रोसेसरवर तपासणी चुकवून ती टाकता येते, सर्रास टाकतात. पुढची मोठी अपडेट मात्र अशा मशीनवर आपोआप येईलच याची खात्री नसते.

म्हणून दुकानात उभे असतानाच मशीन पूर्ण बंद करायला लावा आणि स्वतः सुरू करून बायोसमध्ये शिरा. डेलमध्ये एफ टू, थिंकपॅडमध्ये एफ वन, एचपीमध्ये एफ टेन. तिथला प्रोसेसर आणि तिथलाच टॅग किंवा सीरियल नंबर खरा धरायचा, तो फोनवर कंपनीच्या साइटवर टाकून मॉडेल जुळवायचं. स्टिकरवरचा नंबर टाकून उपयोग नाही, स्टिकर दुसऱ्या मशीनचा असू शकतो. बायोसला पासवर्ड मागितला आणि दुकानदार "वो कंपनी का लॉक है, कुछ नहीं होता" म्हणाला, तर तिथूनच उलटं फिरा. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी' लिहून, स्पेस देऊन, तिरपी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' जोडून लिहायचं (अर्थात इंग्रजी अक्षरांत). त्यातून एक रिपोर्टची फाइल तयार होते, ती उघडली की मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही आकडे समोर येतात. आमच्या मशीनची आजची क्षमता मूळच्या निम्म्याहूनही खाली होती, आणि दुकानात "तीन-चार घंटा आराम से" ऐकलेलं.

भांडण जिंकायला कामी आलं ते बिल. दुकानदार 'युज्ड लॅपटॉप, १ नग' एवढंच लिहून देत होता. भाची ऑडिटवाली, तिने हट्टाने मॉडेल, प्रोसेसर, जनरेशन सगळं बिलावर लिहून घेतलं होतं आणि पैसे यूपीआयने दिले होते. आम्ही परत गेलो तेव्हा आधी "आपने बदल दिया होगा" झालं, मग बिलाच्या तळाशी छापलेली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ दाखवून झाली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत दिली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. बिल न देणं हीदेखील अनुचित प्रथाच. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली, आणि जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, तेही त्याला ऐकवलं. भाचीने बायोसचे फोटो काउंटरवर मोठ्या आवाजात दुसऱ्या गिऱ्हाइकालाही दाखवले. मला विचाराल तर कायद्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त झाला.

त्याने आधी बदल्यात दुसरं मशीन देऊ केलं. नको म्हटल्यावर पैसे परत दिले, पण 'सर्व्हिस चार्ज' म्हणून हजार रुपये कापून. ते हजारही सोडायचे नाहीत असं भाचीचं म्हणणं आहे, तक्रार अजून चालू आहे. नवीन बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह आम्ही वेगळा, पक्क्या बिलाने घेतला. त्यावर ताईच्या डिस्क एकेक कॉपी होत आहेत. काही वाचल्या जात नाहीत, पण तो दोष डिस्कचा आहे.