‘कंपनी भारत सोडतेय, शिल्लक परत घ्या’ असा मेसेज आला तर आधी हे वाचा

माझ्या धाकट्या भावाचे एक लाख एकसष्ट हजार आठशे रुपये गेले. बेटिंगमध्ये हरलेले वेगळे, ते यात धरलेले नाहीत. हे पैसे गेले ते खेळ बंद पडल्यावर, ‘रिफंड’ मिळवण्याच्या नादात. त्याला विचारूनच लिहितेय, नाव मात्र लिहीत नाही. त्याच्या तालमीतल्या आणखी दोघांना अगदी तसाच मेसेज आलाय आणि त्यातला एक जण पैसे भरायला निघाला होता, म्हणून गप्प बसवत नाही.

आम्ही कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतले. भाऊ शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी ऑपरेटर आहे, म्हणजे धातूचे भाग कापणारं कॉम्प्युटरवरचं मशीन चालवतो. फुटबॉल म्हणजे त्याचा जीव की प्राण. शाहू स्टेडियमवरचा सीझन सुरू झाला की घरात जेवायच्या वेळा बदलतात. नाइट शिफ्ट नसली की रात्री मोबाइलवर युरोपातल्या मॅच. तिथूनच कुणीतरी त्याला ‘आयडी’ दिला. आयडी म्हणजे काय हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. व्हॉट्सॲपवर एक नंबर असतो, त्याला यूपीआयनं पैसे पाठवायचे, स्क्रीनशॉट टाकायचा, की तेवढे पॉइंट तुमच्या खात्यात येतात. जिंकलात तर तोच नंबर विड्रॉल देतो. वेबसाइट परदेशातली. पानाच्या तळाला कुरासाओ बेटाच्या लायसन्सचं चिन्ह. सुरुवातीला त्याला दोन-तीनदा पैसे परत मिळालेही, त्यामुळे विश्वास बसला.

असल्या परदेशी कंपन्यांवर सरकारनं बरीच वर्षं एकेक फास आवळत आणलाय, आणि आमच्या बाबतीत नेमका त्याचाच वापर झाला. लॉटरी, जुगार, बेटिंग या धंद्यात परदेशी गुंतवणुकीला आपल्याकडे मुळातच मनाई आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैशांच्या ऑनलाइन खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, आणि परदेशात बसून भारतातल्या लोकांना खेळवणाऱ्या कंपन्यांनाही इथं नोंदणी सक्तीची झाली. ज्यांनी ती केली नाही त्यांच्या साइट बंद करायला सुरुवात झाली. मार्च २०२५ मध्ये जीएसटीच्या गुप्तचर महासंचालनालयानं अशा ३५७ साइट बंद केल्याचं आणि सातशेच्या आसपास परदेशी संस्था तपासाखाली असल्याचं जाहीर केलं होतं.

भावाच्या साइटचीही हीच गत. उघडायची बंद झाली की टेलिग्रामवर नवीन लिंक यायची, नावात एखादा आकडा वाढवलेला, बाकी रंगरूप तेच. ‘सरकारनं बंद केली, आता ही नवी लिंक’ हे वाक्य त्याच्या कानाला सवयीचं झालं होतं. पुढचा मेसेज त्याला खरा वाटला यात मला काहीच नवल वाटत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर आणि २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा म्हणा की नशिबाचा, देऊ करायला बंदी. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. बँका आणि पेमेंट कंपन्यांनाही असले व्यवहार पुढे पाठवायला मनाई. भारताबाहेरून सेवा देणाऱ्यालाही हाच कायदा लागू. इथल्या मोठ्या कंपन्यांनी लगेच पैशांचे खेळ थांबवले आणि ग्राहकांना शिल्लक काढून घ्यायला सांगितलं. ही बातमी सगळीकडे आली, पेठेतल्या कट्ट्यावरही तोच विषय.

त्यानंतर काही दिवसांतच भावाला मेसेज आला. भारत सरकारच्या नवीन कायद्यामुळे कंपनी भारतातलं काम बंद करत आहे, तुमच्या खात्यात ३,४२,००० रुपये शिल्लक आहेत, ठरलेल्या मुदतीत अर्ज केला नाही तर रक्कम सरकारजमा होईल. सोबत त्याचा आयडी आणि शिल्लक दाखवणारी लिंक. त्यात त्याचे स्वतःचे भरलेले साठ-पासष्ट हजार होते, बाकीचे पडद्यावर जिंकलेले आकडे. नाव, नंबर, आयडी सगळं बरोबर होतं. म्हणजे ज्यानं खेळवलं त्यानंच हे केलं, किंवा ज्यानं खेळवलं त्यानं यादी पुढं विकली. तिसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

मग फोन. पहिले दोन फोन हिंदीत आले. भाऊ का-कू करतोय म्हटल्यावर तिसऱ्याला मराठी माणूस बसवला. भावाच्या फोनमध्ये कॉल रेकॉर्ड होतात, ते मी स्वतः ऐकलंय. तो म्हणतो, “भावा, मी बी कळंब्याचाच हाय. तुझं काम मी हातानं करून देतो. फक्त घरात, मित्रात बोलू नकोस. नव्या कायद्यात खेळणाऱ्याचं पण नाव येतंय. एकदा विषय पोलिसात गेला की तुझं पगाराचं खातं पण गोठणार.” आवाजात कुठे घाई नाही, दरडावणं नाही. मध्येच त्यानं आईची तब्येत विचारली, कारण आदल्या फोनवर भाऊ दवाखान्यात असल्याचं बोलून गेला होता. ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

पहिली मागणी ९५,७६० रुपयांची. ३,४२,००० वर २८ टक्के जीएसटी, तो भरल्याशिवाय रक्कम सुटत नाही असं कारण. आकडा सरळ गणितात बसत होता आणि २८ टक्के ही गोष्ट पेपरात आलेली होती. ते पैसे भावजयीच्या भिशीचे आणि त्याच्या बोनसच्या साठवणीचे. आठवडा गेला, दहा दिवस गेले, ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर. मग २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवरचा कर ४० टक्के झाला. यांनी लगेच कळवलं की दर वाढला, फरकाचे १२ टक्के म्हणजे ४१,०४० रुपये भरा, नाहीतर आधीचे पण अडकतील. बातमी खरी आहे का हे भावानं तपासलं. बातमी खरीच होती. त्यानं ऑफिसातून उचल घेतली आणि पैसे भरले.

तिसरी मागणी २५,००० ची, ‘फेमा क्लिअरन्स’ म्हणून, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखालची मंजुरी. पैसे परदेशातून येणार, बँकांना असे व्यवहार करायला नवीन कायद्यानं बंदी, तेव्हा ते ‘नोडल एजंट’मार्फतच येतील आणि त्याला रिझर्व्ह बँकेची एनओसी लागते, असं सांगितलं. त्याबरोबर एक पत्र पाठवलं. वर अशोकस्तंभ, डाव्या कोपऱ्यात रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह, खाली निळा गोल शिक्का आणि तिरकी सही. मजकुरात भावाचं पूर्ण नाव आणि पॅन नंबर बिनचूक, कारण तो त्यानंच त्यांना पाठवलेला. आणि पत्राच्या तळाला, शिक्क्याच्या शेजारी, पैसे भरायचा क्यूआर कोड. तो स्कॅन केला की नाव यायचं ते परराज्यातल्या एका मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं.

चौथी मागणी पन्नास हजारांची आली तेव्हा भावजय गंठण घेऊन सोनेतारण कर्ज काढायला निघाली होती. ती निघताना माझ्याकडे आली आणि रडायला लागली, तिथं मला सगळं कळलं. ते पत्र घेऊन मी शाहूपुरीतल्या आमच्या ओळखीच्या करसल्लागारांकडे गेले. त्यांनी शिक्का, सही काहीच बघितलं नाही. एवढंच विचारलं, “ताई, चलन कुठाय?”

मग त्यांनी बसवून समजावलं, ते सगळ्यांना माहीत असायला हवं. जीएसटी भरायचा असेल तर सरकारी पोर्टलवर चलन तयार होतं, त्यावर सीपीआयएन म्हणजे चलनाचा १४ अंकी क्रमांक असतो आणि पैसे थेट सरकारी खात्यात जातात. कुणाच्या यूपीआयवर जीएसटी भरला जात नाही. शिवाय पैशांच्या खेळावरचा जीएसटी हा खेळात पैसे भरताना लागणारा कर आहे आणि तो सरकारकडे भरायची जबाबदारी कंपनीची. शिल्लक काढताना खेळणाऱ्याच्या खिशातून तो मागायचा प्रश्नच येत नाही. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के टीडीएस असतो हे खरं, पण तो देणाऱ्यानं रकमेतून कापून घ्यायचा असतो. तुमचे साडेतीन लाख खरोखर त्यांच्याकडे पडून असतील तर त्यातून हवं ते कापून उरलेले पाठवायला कुणी अडवलंय? नुसत्या या एका प्रश्नावर त्यांचं सगळं सोंग गळून पडतं. भावानं पुढच्या फोनवर तो विचारला आणि कळंब्याच्या त्या ‘भावा’नं फोन ठेवून दिला.

रिझर्व्ह बँकेचंही तसंच. ती सामान्य माणसाची खाती ठेवत नाही, रक्कम सोडायला फी मागत नाही, आणि तिच्या नावानं येणाऱ्या अशा पत्रांना भुलू नका असं स्वतःच वारंवार सांगत असते.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती मात्र दुसऱ्याच गोष्टीची. भाऊ इतके दिवस गप्प राहिला तो ‘तुझंही नाव येईल’ या धमकीनं. मी कायदा काय म्हणतो ते विचारून घेतलं. ऑगस्ट २०२५ च्या या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशाचे व्यवहार पुरवणाऱ्याला. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. कायदा आणताना सरकारनंही खेळणाऱ्यांना यात पीडित मानल्याचं सांगितलं होतं. म्हणजे जो कायदा आमच्या पोराच्या बाजूचा होता तोच दाखवून त्याचं तोंड बंद केलं. तुमच्या घरातलं कुणी असं अडकलं असेल तर त्याला शिव्या घालण्याआधी ही गोष्ट सांगा. घरच्यांना कळेल आणि पोलीस पकडतील, या दोन भीतींवरच हा धंदा चाललाय.

त्याच दिवशी आम्ही १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. माहिती मागतात ती अशी: कुठल्या खात्यातून गेले, किती, तारीख-वेळ, यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा बँकेचा क्रमांक), समोरचा यूपीआय आयडी किंवा खातं. हे जवळ लिहून ठेवून फोन केला तर काम लवकर होतं. नंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर पूर्ण तक्रार भरली, पोच क्रमांक घेतला, रेकॉर्डिंग, पत्र, चॅट सगळं जोडलं. चॅट रागानं डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा.

पहिल्या दोन रकमा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या अशा फिरून काढल्या गेलेल्या होत्या. ही खाती बहुतेक वेळा कमिशनवर वापरायला दिलेली असतात, खातेदार कुठला तरी मजूर नाहीतर कॉलेजचा पोरगा. आपल्या भागातही पाच-दहा हजारांसाठी पासबुक, एटीएम आणि सिम देणारे आहेत, त्यांनी हेही लक्षात ठेवावं की पोलीस पहिले त्यांच्याच दारात येतात. तिसरी रक्कम, २५,००० ची, ताजी होती. ती समोरच्या बँकेत थांबवून ठेवता आली. लवकर तक्रार केली म्हणून एवढं तरी हाताला लागलं. पहिल्याच भरण्यानंतर फोन गेला असता तर चित्र वेगळं असतं, असं हेल्पलाइनवरच्या माणसानंही सांगितलं.

तक्रारीनंतर तीन आठवड्यांत भावाला आणखी एक फोन आला. ‘सायबर वकील’ म्हणून. तुमचे गेलेले पैसे काढून देतो, आधी साडेसात हजार रजिस्ट्रेशन. त्याला रक्कम आणि साइटचं नाव दोन्ही ठाऊक होतं. तो नंबरही आम्ही त्याच तक्रारीत जोडला. थांबवलेली रक्कम परत मिळवायला कुणालाही फी द्यावी लागत नाही, आणि ती सोडवण्यासाठीचा अर्ज आम्ही न्यायालयात दिलेला आहे. अजून तारीख लागलेली नाही. भिशी आणि ऑफिसची उचल मात्र दर महिन्याच्या पगारातून फिटते आहे. भावाच्या आयडीवर आलेली लिंक अजून चालू आहे, त्यावर अजूनही ३,४२,००० दिसतात.